निवासी शिबिरातलं रडणारं मूल आणि न रडणारं मूल

तुमचा प्रश्न दोनदा वाचला. जांबोटीच्या बाजूला आठ दिवसांचं निवासी शिबिर, ९ ते १४ वयाची ६० मुलंमुली, कॉलेजात शिकणारे आठ ताई-दादा आणि या सगळ्यांवर देखरेखीला तुम्ही, तेही पहिल्यांदाच. रात्री मुलं रडायला लागली तर काय करायचं, घरी फोन लावून द्यायचा का आणि मुलांच्या मनाची काळजी घ्यायला समुपदेशक बरोबर असायलाच हवा का, असं तुम्ही विचारलंय.

मी बेळगाव-खानापूर भागात शाळेत शिकवत होते. एप्रिलच्या सुट्ट्या लागल्या की गेली २२ वर्षं कुठल्या ना कुठल्या शिबिरात असते. आधी ताई म्हणून जायचे, आता तुमच्यासारखीच देखरेखीला असते. म्हणून आधीच सांगते, रडणाऱ्या मुलाची मला फारशी काळजी वाटत नाही. ते रडतं, चौघं धावतात, कुणी पाणी देतं, कुणी जवळ घेतं. न रडणारं मूल मात्र तसंच राहून जातं. ६० जणांमध्ये असं मूल कोणतं, हे तुमच्या आठ माणसांना वेळेत कळतंय का, एवढंच तुम्हाला बघायचंय. ६० मुलं तुम्ही सांभाळणार नाही, ती ताई-दादा सांभाळणार. तुम्ही त्या आठांना सांभाळायचं.

यातलं बरंच काही परिस्थितीवर अवलंबून आहे. संडास इमारतीला लागून आहेत की अंगण ओलांडून, मुलं आधीपासून एकमेकांना ओळखतात का, फोनला रेंज आहे का (जांबोटीच्या पुढं कणकुंबीकडं ती मिळेलच असं नाही), मुलींच्या हॉलला ताया पुरेशा आहेत का, यावर तपशील बदलतील. माझी पद्धत सांगते, त्यातलं तुमच्या जागेला लागू पडेल ते घ्या.

मी पहिल्यांदा प्रमुख झाले त्या शिबिरातली गोष्ट. नऊ वर्षांचा मुलगा. घरी कन्नड, शाळा इंग्रजी माध्यमाची, गल्लीत मराठी, त्यामुळं ‘मराठी येते’ असं अर्जावर लिहिलेलं. तीन दिवस तो प्रत्येक प्रश्नाला ‘हो’ म्हणाला. जेवलास? हो. झोप लागली? हो. मजा येतेय? हो. किती शहाणं पोर, म्हणून आम्ही खूश. चौथ्या दिवशी ताट ठेवायला आला तेव्हा भाकऱ्या करणाऱ्या मावशींनी त्याला सहज विचारलं, “ऊटा आय्ता?” जेवण झालं का, एवढंच. त्या दोन शब्दांवर पोरगा हुंदके देऊन रडायला लागला. मावशींनी त्याला चुलीपाशी बसवून घेतलं आणि हळूहळू सगळं बाहेर आलं. तीन दिवसांत तो एकदाही शौचाला गेला नव्हता. संडास लांब, आतली कडी नीट लागत नव्हती आणि हे मराठीत कसं सांगायचं ते त्याला सुचत नव्हतं. पोट गच्च झालेलं, म्हणून जेवणही नकोसं. भात ताटात पसरून ठेवायचा आणि जेवलो म्हणायचा. चूक माझी होती. मुलं यायच्या आधी मी त्या कड्या लावून बघितल्या नव्हत्या आणि तीन दिवस ‘हो’ म्हणून सुटता येईल असेच प्रश्न विचारत राहिले होते.

तेव्हापासून मी रोज रात्री ‘नावांची फेरी’ घेते. मुलं झोपली की दोघं त्यांच्याजवळ थांबतात आणि बाकीचे व्हरांड्यात बसतात, वीस मिनिटं. प्रत्येकाकडं सात-आठ मुलं असतात. एकेकाचं नाव घ्यायचं आणि त्या मुलाबद्दल आज डोळ्यांनी बघितलेली एक गोष्ट सांगायची. ‘चांगला आहे’, ‘काही त्रास नाही’ हे चालत नाही. ‘करवंदं काढताना हात खरचटला तरी बोलली नाही’, ‘दुपारी खेळायच्या वेळेला चपलांच्या कट्ट्यावर एकटाच बसला होता’ असं काहीतरी हवं. ज्या नावाला जीभ अडते, ते नाव मी कागदावर लिहून घेते. दुसऱ्या दिवशी सकाळी पहिल्यांदा त्या मुलाशेजारी जाऊन बसायचं. चौकशी करायची नाही, नुसतं बरोबर दात घासायचे किंवा चहा प्यायचा. पहिल्या रात्री प्रत्येकाची दोन-तीन नावं अडतात आणि ताई-दादांचे चेहरे पडतात. तिसऱ्या रात्रीपर्यंत एखादंच उरतं. या फेरीत स्वयंपाकाच्या मावशींनाही बसवा. कोण ताट तसंच टाकतं, कोण जेवणाच्या रांगेत मागं मागं राहतं, हे त्यांना सगळ्यांच्या आधी कळतं.

आता रात्रीचं रडणं. घराची आठवण दिवसभर येत नाही, ती रिकाम्या वेळेत येते. दुपारचं जेवण झाल्यावरची विश्रांती, दिवेलागण आणि दिवे मालवल्यावरचा पहिला अर्धा तास, या तीन वेळा सांभाळल्या की निम्मं काम होतं. दिवेलागणीला घरी आई देवापाशी दिवा लावत असते, आजी अंगणात बसलेली असते आणि नेमक्या त्याच वेळी शिबिरात खेळ संपवून ‘हातपाय धुऊन बसा’ म्हणतात. त्या वेळेला मी मुलांच्या हातांना काम देते. कुणी लसूण सोलायचा, कुणी कंदिलाच्या काचा पुसायच्या, कुणी चुरमुऱ्यांना कांदा-टोमॅटो चिरायचा. (सुरी मोठ्यांच्या देखरेखीखाली, हे सांगायला नको.) जेवणानंतर भुताच्या गोष्टींना सक्त बंदी. कॉलेजच्या पोरांना त्यांचा भारी सोस. एका वर्षी एका दादानं जांबोटीच्या रानातली पांढऱ्या साडीतली बाई अशी काही रंगवली की त्या रात्री संडासाला कुणी गेलं नाही आणि सकाळी पाच अंथरुणं ओली होती.

मूल रडायला लागलं की ‘एवढा मोठा झालास आणि रडतोस?’ हे वाक्य कुणाच्याही तोंडून येऊ देऊ नका. शेजारी बसायचं. ‘घरी आत्ता काय चाललं असेल?’ असं मी विचारते. मग म्हैस, धाकटी बहीण, टीव्हीवरची मालिका, सगळं येतं. दहा मिनिटं बोलतं आणि बहुतेकदा झोपतं. सकाळी त्याला एखादं जबाबदारीचं काम द्यायचं, घंटा वाजवायचं, नाहीतर हजेरीची वही धरायचं. आणि त्याच्याशी त्याच्या घरच्या भाषेत बोला. दिवसा आपली पोरं तीन भाषांत सहज फिरतात, पण रात्री रडताना एकच भाषा उरते. तुमच्या आठांत कन्नड घरातले निदान दोघं असू द्या. बाकीच्यांनी ‘होट्टे नोवु’ म्हणजे पोट दुखतंय, ‘मनेगे होगबेकु’ म्हणजे घरी जायचंय, ‘हेदरिके’ म्हणजे भीती, एवढं तरी कानाला ओळखीचं करून घ्यावं. उर्दू किंवा कोंकणी बोलणारी मुलं असतील तर त्यांच्यासाठीही कोण आहे ते आधी ठरवा.

फोनबद्दल दोन्ही टोकं मी बघितलीत. रोज फोन दिला की रोज संध्याकाळी नव्यानं रडारड होते. अजिबात दिला नाही तर पालक तिसऱ्या दिवशी गाडी काढून दारात उभे राहतात, हातात कुंद्याचा डबा. माझी पद्धत अशी की पहिले दोन दिवस मुलाला फोन नाही, पण पालकांना मी स्वतः फोन करते. ‘काल रात्री थोडं रडला, सकाळी पोहे दोनदा घेतले’ असं जसं घडलं तसं सांगते. तिसऱ्या दिवसापासून गरज असेल त्या मुलाला दुपारी बोलायला देते, रात्री कधीच नाही. पालकांना शिबिराआधीच्या बैठकीत एक विनंती करा. ‘नाही आवडलं तर लगेच न्यायला येतो’ असं वचन मुलाला देऊ नका म्हणावं. प्रेमानं दिलेलं असतं, पण ते मिळालं की मूल रमायचा प्रयत्नच करत नाही, गाडीची वाट बघत बसतं. आणि व्हॉट्सॲपवर फोटो टाकायचे असतील तर सगळ्या ६० जणांचे टाका, नाहीतर एकाचाही नको. आपलं पोर फोटोत दिसलं नाही की आई रात्रभर जागी राहते आणि सकाळी सहाला तुमचा फोन वाजतो.

कधी घरी पाठवावं? दोन दिवस जेवण नाही, झोप नाही आणि दिवसाही कशातच मन लागत नाही, असं असेल तर. घरात नुकतंच कुणी गेलंय किंवा मोठी भांडणं चालली आहेत असं कळलं तरी. मूल स्वतःला इजा करण्याबद्दल बोललं तर वाट बघूच नका, पालकांना बोलवा आणि तोवर त्याला एकटं सोडू नका. पाठवताना ‘हरला’ असा भाव कुणाच्या चेहऱ्यावर नको. मी अशा मुलाकडून जाण्याआधी त्याचं अर्धवट मातीकाम किंवा चित्र पुरं करून घेते आणि बरोबर देते.

पोटदुखी वेगळी सांगायला हवी, कारण शिबिरात सगळ्यात जास्त तक्रार तिचीच. बरीचशी पोटदुखी घरच्या आठवणीची असते आणि ती खरीच दुखते, ‘नाटक’ म्हणू नका. तिसऱ्या-चौथ्या दिवशीची पोटदुखी मात्र पुष्कळदा शौच दाबून ठेवल्याची असते. म्हणून मुलं येण्याआधी प्रत्येक कडी, प्रत्येक बल्ब, प्रत्येक बादली स्वतः तपासा. सकाळी घाई करू नका. ६० जणांना चार संडास आणि अर्धा तास दिलात तर लाजरी मुलं जाणारच नाहीत. डोकेदुखी असेल तर आधी पाणी किती प्यायलं ते विचारा. संडास नको म्हणून मुलं पाणीसुद्धा टाळतात आणि मे महिन्याच्या उन्हात ते लगेच दिसतं. पण ताप आहे, सारख्या उलट्या होतायत, दुखणं बेंबीपासून उजवीकडं खाली सरकलंय, असं काही असेल तर मनाचं आहे की शरीराचं हा विचार तुम्ही करत बसू नका, सरळ डॉक्टरकडं न्या.

अंथरूण ओलं होणं. दहाव्या वर्षीसुद्धा साधारण वीसात एका मुलाला हा त्रास असतो, म्हणजे तुमच्या ६० मध्ये तिघं-चौघं असतील असंच धरून चाला. अर्जात तसा प्रश्न ठेवला तरी पालक लाजेनं रिकामा सोडतात, त्यामुळं बैठकीनंतर आयांना बाजूला घेऊन विचारा. त्या मुलांची अंथरुणं दाराजवळ, खाली रेक्झिन. साडेदहाला एकदा हळूच उठवायचं. तरीही झालं तर पहाटे साडेपाचला, बाकीचे उठायच्या आत, ताई किंवा दादा चादर बदलतो आणि ओली चादर बादलीतून जाते. कोरड्या चादरी आणि दोन-तीन मापांच्या चड्ड्या तुमच्याकडं हव्यातच. मुलाला एवढंच सांगायचं, ‘झालंय सगळं, जा तोंड धू.’ मुलींच्या न्हाणीघरात सॅनिटरी पॅडची पिशवी टांगून ठेवा, मागावं लागता कामा नये. दहा-बारा वर्षांच्या एखाद्या मुलीची पहिली पाळी शिबिरातच येते. तेव्हा काय करायचं हे एका ताईनं सगळ्या मुलींना पहिल्याच दिवशी सांगून टाकावं.

चिडवाचिडवीवर लक्ष असू द्या. आपल्याकडं तिला एक जास्तीची बाजू आहे. सीमावादाचं वारं मोठ्यांच्या बोलण्यातून मुलांपर्यंत येतं आणि एखाद्या कबड्डीच्या सामन्यात अचानक ‘तुम्ही कानडी’, ‘तुम्ही मराठी’ असं बाहेर पडतं. लांबलचक भाषणं देऊन हे थांबत नाही. गट पाडताना गाव, शाळा, माध्यम मिसळून टाका, फक्त प्रत्येक मुलाला एक तरी ओळखीचा चेहरा त्याच्या गटात असू द्या. बेळगावच्या इंग्रजी शाळेतल्या मुलाला झाडावर चढता येत नाही आणि खानापूरच्या खेड्यातल्या मुलीला इंग्रजी गाणं येत नाही. दोघांनाही कधीतरी वरचढ वाटावं असा कार्यक्रम आखा. बिल्ल्यावर फक्त पहिलं नाव लिहा. आडनाव विचारून पंगतीत जागा बदलणारी मुलं मी बघितलीत आणि ती घरातूनच तसं शिकून आलेली असतात.

जंगलाबद्दल थोडक्यात. झोपताना आणि रानातून आल्यावर गोचिडी बघायच्या, कानामागं, काखेत, कमरेशी. माकडताप मुख्यतः गोचिडीतून येतो. तो १९५७ मध्ये शिवमोग्ग्याच्या क्यासनूर जंगलात पहिल्यांदा सापडला आणि पश्चिम घाटाच्या या पट्ट्यात सावध राहिलेलं बरं. रानातून आल्यावर पुढच्या आठवडाभरात ताप आला तर डॉक्टरांना रानात गेल्याचं आवर्जून सांगायचं. बूट झटकल्याशिवाय घालायचे नाहीत, रात्री बॅटरीशिवाय पाऊल बाहेर नाही. साप चावलाच तर बांधणं, कापणं, चोखणं काही नाही. हालचाल न करू देता दवाखाना, १०८ ला फोन. सापाच्या विषावरची लस जवळ कुठल्या सरकारी दवाखान्यात आहे ते शिबिराआधीच जाऊन विचारून या. संध्याकाळचा वळीव आणि विजा आल्या की मैदान रिकामं, सगळे हॉलमध्ये, डोकी मोजायची आणि वीज गेली तर गाणी सुरू.

आता तुमच्या ताई-दादांकडं. तिसऱ्या दिवसापासून ते मुलांवर खेकसायला लागतात. स्वभाव वाईट म्हणून नव्हे, झोप नाही म्हणून. रात्रीची पाळी दोन भागांत वाटा, कुणालाही सलग दोन रात्री जागवू नका आणि दुपारी दोन तास पूर्ण सुट्टी द्या. त्या दोन तासांत त्यांना मुलांनी हाकसुद्धा मारायची नाही. मी पूर्वी ही सुट्टी ‘जमलं तर’ द्यायचे आणि ती कधीच जमायची नाही. आता ती वेळापत्रकावर लिहिलेली असते आणि त्या वेळी मी स्वतः मैदानावर उभी राहते.

एक नियम मात्र मोडायचा नाही. कुठलाही मोठा माणूस कुठल्याही मुलाबरोबर बंद दाराआड एकटा असणार नाही. समजूत काढायची तर व्हरांड्यात, दुसऱ्यांना दिसेल असं बसून. याचा राग येणारा एखादा दादा भेटतो, त्याला सांगा की यात त्याचंही रक्षण आहे. आणि एखाद्या मुलानं कुणी नको तसा हात लावल्याचं सांगितलं, इथं किंवा घरी, तर ‘कुणाला सांगणार नाही’ असं वचन देऊ नका. शांतपणे ऐका, पुन्हा पुन्हा खोदून विचारू नका, मुलाचे शब्द त्याच्याच भाषेत जसेच्या तसे लिहून ठेवा. मुलांना लैंगिक अत्याचारापासून संरक्षण देणाऱ्या पोक्सो कायद्याच्या (२०१२) कलम १९ प्रमाणं ही गोष्ट पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे. हाताखालच्या माणसाबद्दल असूनही संस्थेच्या प्रमुखानं कळवलं नाही तर कलम २१ खाली वर्षभरापर्यंत कैद होऊ शकते. संस्थेची बदनामी होईल म्हणून आधी आतच मिटवू, असं म्हणणारे लोक तुम्हाला भेटतील. त्यांचं ऐकू नका. आपल्या भागातल्या लोकांना हे माहीत नसतं, की मुलाला न समजणाऱ्या भाषेत नोंद होत असेल तर दुभाषी देण्याची तरतूद त्याच कलमात आहे. पोलीस ठाण्यात कामकाज कन्नडमध्ये आणि मूल मराठी बोलणारं असेल तर तो मागून घ्या. १०९८ ही मुलांची हेल्पलाइन भिंतीवर मोठ्या अक्षरात लिहून ठेवा, मुलांना वाचता येईल अशा उंचीवर.

समुपदेशक बरोबर असला तर चांगलंच, नसला म्हणून शिबिर अडत नाही. फोनवर विचारता येईल असं माणूस मात्र आधी ठरवून ठेवा. टेली-मानस या मानसिक आरोग्याच्या सरकारी हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक मराठीत आणि कन्नडमध्येही चालतो आणि तो तुम्ही स्वतःसाठीही लावू शकता. धारवाडची डिमहान्स ही मानसिक आरोग्याची सरकारी संस्था आपल्याला जवळ आहे. अर्जात फिट्स, दमा, चालू गोळ्या यांचे प्रश्न स्पष्ट विचारा. दम्याचा पंप मुलाच्या खिशात आणि बाकीची औषधं तुमच्या पेटीत, वेळा लिहून.

शेवटच्या रात्री मेणबत्त्या लावून, निरोपाची गाणी म्हणून सगळ्यांना रडवायची एक पद्धत पडली आहे. मी ती बंद केली. आधीच दमलेल्या मुलांना रात्री अकराला रडवून सकाळी सातला गाडीत बसवण्यात मला काही शोभा दिसत नाही. त्याऐवजी आम्ही लवकर जेवतो आणि सामान बांधायला दोन तास देतो. ६० मुलांचे टॉवेल आणि चपला जुळवायला तेवढा वेळ लागतोच. घरी गेल्यावर तिसऱ्या-चौथ्या दिवशी, ज्यांची नावं तुमच्या त्या कागदावर होती, त्यांच्या घरी एकेक फोन करा. माझ्या त्या ‘हो’ म्हणणाऱ्या मुलाच्या घरी मी केला होता. फोन त्यानंच उचलला आणि पहिल्यांदा विचारलं, कडी दुरुस्त केली का.